मोटर कोरडी ठेवू नये

आम्ही क्राइस्टचर्चमध्ये घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणातला पूल आधी काढून टाकायचा, असं मी ठरवून टाकलं होतं. पूल म्हणजे जमिनीत खणलेला, फरश्या लावलेला वगैरे काही नव्हे. जमिनीवर उभी केलेली पत्र्याची गोल भिंत, आत निळ्या प्लॅस्टिकचं अस्तर, एक डुगडुगणारी शिडी, आणि शेजारी पाणी फिरवणारा पंप नि पाणी गाळणारी वाळूची टाकी. लांबून गुरांचा हौद वाटावा. आधीच्या मालकांची मुलं मोठी होऊन पांगली होती आणि त्यांना ते धूड उचलायचा कंटाळा आला होता, म्हणून ते घराबरोबर आमच्या गळ्यात पडलं. नवरा म्हणाला, राहू दे एक उन्हाळा. त्याला कुठलीही वस्तू टाकून देणं जिवावर येतं.

तो भूल देणारा डॉक्टर, मी हॉस्पिटलच्या औषध विभागात. नव्वदच्या दशकात तिकडून आलेल्या कितीतरी डॉक्टरांना इथे परवाना मिळेना, आम्हा दोघांना मात्र आल्याआल्या कामं मिळाली. लोक तोंडावर म्हणायचे, तुमचं नशीब जोरात आहे. त्याच वर्षी आमची एकुलती एक लेक, तेव्हा पाच वर्षांची, शाळेच्या पायऱ्यांवर बसून राहिली आणि पाय दमलेत म्हणाली. पुढच्या तपासण्यांची कहाणी मी सांगत बसणार नाही. स्नायूंना चालवणाऱ्या नसांचा आजार, हळूहळू वाढणारा, औषध नसलेला. दिवसभर औषधांच्या फडताळांमध्ये वावरणाऱ्या बाईला हे ऐकून घ्यावं लागलं. त्याचा मला जो संताप आला तो अजून पुरता उतरलेला नाही.

नऊ वर्षांची झाली तेव्हा ती घरात भिंतीला धरून चालायची आणि शाळेत चाकांच्या खुर्चीत असायची. त्या हौदात मात्र ती मोकळी चालायची. छातीपर्यंत पाणी, दोन्ही हात पाण्यावर पसरलेले, हनुवटी वर, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कुणाचाही हात न धरता. पहिल्यांदा ती अशी पलीकडे पोचली तेव्हा नवरा कपड्यांसकट शिडीवर उभा होता आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीत. कणीक भिजवलेले हात तसेच घेऊन मी बाहेर धावले होते. पूल काढायचा विषय त्या दिवशी संपला.

हॉस्पिटलातही कोमट पाण्याचा हौद होता. तिथे आठवड्यातून एकदा, कमरेला पट्टा बांधून, व्यायाम शिकवणाऱ्या बाईच्या हातात तिला जावं लागे. लेकीला ते आवडत नसे. सार्वजनिक पूलवर लोक बघायचे, तेही तिला नको होतं. घरचं पाणी तिचं स्वतःचं होतं. त्या व्यायामाच्या बाईंनी आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं की जोवर ती पाण्यात उभी राहते आहे तोवर तिला पाण्यात उभी करत राहा. तिचं एकदा सुटलेलं परत येत नाही. म्हणून आमचं सगळं वर्ष त्या हौदाभोवती फिरायचं. नोव्हेंबरात पाणी तापायला लागे, मार्च संपता संपता ते हाताला बोचायला लागे, आणि पुढचे थंडीचे महिने आम्ही कसेबसे ढकलायचो.

हिवाळ्याची तयारी शेजारच्या म्हाताऱ्याने शिकवली. त्याचा एक पंप पूर्वी थंडीत फुटला होता आणि ते दुःख तो अजून उगाळायचा. इथे सकाळी गवत पांढरं कडक झालेलं असतं, पायाखाली कुरकुरतं. पाणी गोठलं की फुगतं, आणि फुगायला जागा नसली की ज्यात असेल ते फोडतं, एवढंच त्यातलं शास्त्र. तर हौदातलं पाणी पंपाकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडाखाली उतरवायचं, नळ्या सोडवून गॅरेजमध्ये टांगायच्या, पंपाच्या आणि टाकीच्या तळाची बुचं काढून थेंब न थेंब वाहू द्यायचा. काढलेली बुचं हरवू नयेत म्हणून ती पंपाच्याच आत, कचरा अडवणाऱ्या गाळणीत टाकून वरून झाकण लावायचं. नवऱ्याने हे सगळं एखाद्या रोग्याला ऑपरेशनसाठी तयार करावं तसं केलं. शेवटी वरून ताडपत्री, तिला चारी बाजूंनी विटा. त्याने माझ्याकडून सगळं दोनदा तपासून घेतलं, तेव्हा मी वैतागले होते.

त्याच हिवाळ्याच्या तोंडावर सासूबाई सोलापूरहून आल्या. नातीला बघायचं म्हणून, आणि तिकडचा उन्हाळा चुकवायचा म्हणूनही. आमचं बरं जमायचं, असं मी म्हणेन. त्या फार बोलत नसत आणि मी फार बोलते, त्यामुळे भांडणाला जागा नव्हती. सोलापुरात त्यांच्या इमारतीची पाण्याची मोटर त्याच चालवत. पाणी यायचं अवेळी, तेही थोडा वेळ, आणि नेमकी तेव्हाच मोटर हवा धरायची. मग खालून हाका सुरू व्हायच्या. या पदर खोचून उतरायच्या, तांब्यातांब्याने मोटरीत पाणी ओतायच्या, नळीच्या तोंडावर तळवा ठेवून ओढ लागली का ते पाहायच्या आणि तिने पाणी धरलं की वर यायच्या. सगळ्या बिऱ्हाडांचे हंडे त्या तळव्यावर अवलंबून होते. इथे त्यांच्या हातांना कामच नव्हतं. कपडे यंत्रात, भांडी यंत्रात, रिकार्टन भागातल्या दुकानातून पीठसुद्धा दळून आलेलं. आम्ही तिघं सकाळी बाहेर पडलो की त्या शाल गुंडाळून हीटरसमोर बसत, आणि ऊन पडलं की मागे चक्कर मारून हौद बघून येत. त्याला त्या पोरीचं पाणी म्हणत. पोरीचं पाणी आज हललं वाऱ्याने, पोरीच्या पाण्यात पानं पडली, असं संध्याकाळी सांगत.

तो हिवाळा वाईट गेला. लेकीच्या छातीत दोनदा कफ भरला, हॉस्पिटलात राहावं लागलं, आणि तिथल्या हौदात जाणंही बंद पडलं. ती बिछान्यात पडून नोव्हेंबरची वाट बघायची. नवे टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, आजीने तिच्याबरोबर दुकानात जाऊन घेतले होते आणि ते उशाशी घडी घालून ठेवले होते. आमची मुलगी मराठी सगळं समजायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. आजीला इंग्रजीतले मोजके शब्द यायचे. दोघींचं कधी अडलं नाही.

ऑक्टोबरच्या एका रविवारी नवऱ्याने ताडपत्री काढली. मी दोरीवर कपडे वाळत घालत होते. ताडपत्रीची सळसळ थांबली, म्हणून मी वळून पाहिलं. पंपाच्या पोटाला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता, बोटाचं नख आत जाईल एवढा. तळाची बुचं जागच्या जागी घट्ट बसवलेली होती. नळी जोडायचं तोंड चिंधीने बुजवलं होतं आणि त्यावर आमच्या तांदळाची प्लॅस्टिकची पिशवी सुतळीने आवळून बांधलेली होती. नवरा त्या सुतळीच्या गाठीकडे बघत उभा होता. मला वाटतं त्याने ती गाठ ओळखली होती.

सासूबाई मागच्या पायरीवरून आल्या आणि वाकून तडा पाहिला.

"कशानं रे फुटली?" त्या म्हणाल्या. "मी भरून ठेवली होती की. तू कोरडीच ठेवून गेला होतास. बुचंसुद्धा आत टाकून विसरला होतास. मोटर कोरडी ठेवू नये, हवा धरते. आणि पोरीचं पाणी चालवायचं तिनं."

त्यांनी हे कसलाही संकोच न करता सांगितलं. चांगलं केलेलं काम सांगतात तसं. आम्ही कामावर असताना कधीतरी बागेच्या नळाची बादली आणून त्यांनी पंप काठोकाठ भरला होता, टाकीतही पाणी ओतलं होतं, आणि ताडपत्री पुन्हा विटांसकट होती तशी लावून ठेवली होती. नवऱ्याने त्यांना पाणी गोठण्याचं समजावून सांगितलं, अगदी हळू आवाजात. त्या म्हणाल्या की पण वरून झाकलेली होती, दव आत कसं जाईल. त्याने पुन्हा सांगितलं. मग त्यांना कळलं. त्या पायरीवर बसल्या आणि दोन्ही तळवे मांडीवर उलटे ठेवून त्यांच्याकडे बघत राहिल्या.

माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. मी घरात जाऊन स्वच्छ गालिच्यावर व्हॅक्यूम फिरवत राहिले, म्हणजे कुणी माझ्याशी बोलू नये. मला ती बाई त्या दिवशी डोळ्यांसमोर नको होती. कुठल्या यंत्राला हात लावायचा असेल तर माणूस विचारतो. पण त्यांनी विचारायचं तरी कुणाला, आम्ही सकाळी डबे घेऊन पळणारे. हे मला तेव्हा सुचलं नाही आणि सुचलं असतं तरी राग कमी झाला नसता.

मग दुरुस्तीचं पर्व सुरू झालं. नवऱ्याने तडा कानसेने खरवडला, माझ्या केस वाळवायच्या यंत्राने वाळवला, दोन ट्यूबांतला गोंद एकत्र कालवून भरला, वरून काचेच्या धाग्याची पट्टी गुंडाळली. पंप चालू केला तेव्हा जोड घटकाभर टिकला, आणि मग शिवण उसवावी तसा उसवून पाण्याचा फवारा थेट म्हाताऱ्याच्या कुंपणावर गेला. म्हाताऱ्याने कुंपणापलीकडून मान हलवली. दाबाखालच्या प्लॅस्टिकला गोंद चालत नाही, हे त्याला आधीच माहीत होतं म्हणे. मग आधी सांगायला काय झालं होतं, असं मी मराठीत म्हणाले. दुकानदाराने सांगितलं की या जुन्या बनावटीचं पोट मिळणार नाही, अख्खा नवा पंप मागवावा लागेल, तो ऑस्ट्रेलियातून येईल. तो आला डिसेंबरात. नव्या पंपाची आटे असलेली तोंडं जुन्या नळ्यांना बसेनात. ती बसवली, बटण दाबलं, आणि वाळूच्या टाकीच्या डोक्यातून पाणी पाझरायला लागलं. तिलाही केसाएवढी चीर गेली होती, पंपाच्या नादात कुणी पाहिली नव्हती. तोवर नाताळ आला. नाताळात हा देश कुलूप लावून समुद्रावर जातो आणि जानेवारी अर्धा सरल्याशिवाय परतत नाही. नवऱ्याने फोन केले की पलीकडून फक्त यंत्र बोलायचं.

इकडे न फिरलेलं पाणी हिरवं पडत चाललं होतं. तिच्या छातीला घाण पाणी परवडणारं नव्हतं. मी हाताने क्लोरीन घालून, झाडूच्या दांड्याने ढवळून पाहिलं. ते कुठे जास्त व्हायचं, कुठे कमी, आणि त्याच्या वासाने तिला खोकल्याची उबळ यायची. बाहेर वायव्येचा गरम वारा सुटलेला असायचा, अख्ख्या गावाची पोरं पाण्यात असायची, आणि आमची लेक टॉग्ज घालून मागच्या दाराशी खुर्चीत बसायची. रोज विचारायची नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्या महिन्यांत तिची उंची झपाट्याने वाढली. इतर आया दाराच्या चौकटीवर खुणा करून कौतुक करतात. मला तिच्या वाढलेल्या पायजम्यांची भीती वाटायची, कारण जास्त उंच शरीर त्याच पायांनी पेलायचं होतं. भिंत धरून चालणं डिसेंबरात थांबलं. नवऱ्याने आणि मी ते एकमेकांना सांगितलं नाही. दोघांनीही पाहिलं होतं.

सासूबाईंनी चहा सोडला होता. मला ते उशिरा कळलं, कारण मी त्यांच्याशी जेवायला चला यापलीकडे बोलत नव्हते. सकाळ-दुपार दोन्ही वेळा चहाशिवाय ज्यांचं डोकं चढायचं, त्या गरम पाणी पिऊन राहत होत्या. नवऱ्याने विचारलं तेव्हा म्हणाल्या, पोर पाण्यात चालली की घेईन. मला याचाही रागच आला. पंपाला चहाचं काय पडलंय, असं वाटलं.

जानेवारीच्या शेवटी सगळं जुळलं. पाणी काढलं, अस्तर घासलं, नवं पाणी भरलं, वर बुडबुड्यांचं प्लॅस्टिक पांघरून ऊन साठवलं. त्या दिवशी पाणी न्हाणीघरातल्या बादलीसारखं कोमट होतं. नवऱ्याने तिला उचलून शिडीवरून आत नेलं. सासूबाई काठाच्या लाकडी फळ्यांवर उभ्या होत्या, पदर खोचलेला, हात जोडलेले. मी टॉवेल घेऊन दुसऱ्या बाजूला. नवऱ्याने तिला पाण्यात उभं केलं, तिचे हात पाण्यावर पसरून दिले आणि आपले हात काढले.

ती उभी राहिली नाही. गुडघ्यांत दुमडून सरळ खाली गेली. त्याने तिला वर घेतलं, केस मागे सारले, पुन्हा उभं केलं. पुन्हा तसंच झालं. तिसऱ्यांदा त्याने हात काढलेच नाहीत.

"इट्स नॉट होल्डिंग मी, बाबा," ती म्हणाली.

तक्रार नव्हती त्यात. पाण्याने आपला शब्द मोडला, एवढंच ती सांगत होती. नवऱ्याने तिचं डोकं खांद्यावर घेतलं आणि तो तिला घेऊन स्वतःच चालायला लागला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

"काय म्हणतेय गं ती?" सासूबाईंनी विचारलं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ऑक्टोबरपासून पहिल्यांदाच नीट पाहिलं. त्या वाळल्या होत्या, आणि त्यांचे हात अजून जोडलेलेच होते. इतके महिने साठवलेलं सगळं बोलून टाकायला तीच वेळ होती. ते मला जमलं नाही.

"पाणी गार आहे म्हणतेय, आई."

बापाच्या खांद्यावरून लेकीने मान वळवली. तिला मराठी सगळं समजायचं. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग आजीकडे.

"येस, आजी," ती म्हणाली. "फ्रीझिंग."

हा शब्द आजीला येत होता, हिवाळाभर ऐकलेला. त्यांनी मान डोलावली. मग ऊन चढू दे, म्हणाल्या, उद्या चालेल. आम्ही तिला बाहेर काढलं, पुसलं, आत नेलं. मागे वळून मी पाहिलं तेव्हा त्या काठाशी वाकलेल्या होत्या, मला वाटलं प्लॅस्टिक पांघरत असतील.

पुढे ती पाण्यात गेली, पण नवऱ्याच्या हातांवर, आडवी. डॉक्टर म्हणाले, नोव्हेंबरात पाणी मिळालं असतं तर अजून एक उन्हाळा चालली असती किंवा नसतीही, कोण सांगणार. आम्हीही रोग्यांना असंच सांगत आलो होतो. सासूबाईंनी पुन्हा काही विचारलं नाही. मी त्यांच्याशी पूर्वीसारखं बोलायला लागले, किंवा तसा प्रयत्न केला. भाजी निवडताना तिकडच्या गोष्टी विचारल्या, आणि त्याही सांगत राहिल्या.

फेब्रुवारीत त्या परत निघाल्या. विमानतळावर नवरा सामान देण्याच्या रांगेत होता, लेक खुर्चीत त्याच्याजवळ. आम्ही दोघी बाकावर. मी कागदी पेल्यातून चहा आणला, दूध-साखर घालून, त्यांना आवडायचा तसा गोड. म्हटलं, आता घ्या आई, एवढा प्रवास आहे. त्या दिवशी चालली असती ती, पाणी गार होतं म्हणून राहिलं.

त्यांनी पेला हातात घेतला, त्याची ऊब घेतली आणि तसाच माझ्या हातात परत दिला.

"पाणी गार नव्हतं गं," त्या म्हणाल्या. "मी हात घालून बघितला होता."